विहिरीच्या पाण्याला काय कळतं?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आज एका वहीची गोष्ट सांगते. साधी शाळेची दोनशे पानी वही. त्या वहीनं आमच्या गावातलं एक भय घालवलं. आणि त्या वहीमुळेच मला जमिनीच्या पोटातल्या हालचालींविषयी वाचायची गोडी लागली.

जानेवारीचे दिवस होते, थंडी कडाक्याची. सकाळी बाया गावविहिरीवर गेल्या तर पाणी एका रात्रीत हातभर खाली गेलेलं. आदल्या दिवशी जिथं दगडाची ओली कड दिसत होती, ती कड कोरडी पडलेली. पाऊस होऊन तीनच महिने झालेले, म्हणजे पाणी इतक्यात उतरायचं कारण नाही. दुपारपर्यंत कुणाच्या तरी फोनवर निरोप फिरायला लागला. विहिरीचं पाणी अचानक खाली गेलं की भूकंप येतो, आज रात्री घरात झोपू नका, पुढे पाठवा. खाली किल्लारीच्या पडक्या घरांचा फोटो.

बायांनो, आपल्याकडे किल्लारीचं नाव निघालं की काळजात धस्स होतं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र संपत आलेली, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. माणसं गाढ झोपेत आणि वर माळवदाची मणामणाची माती. जवळपास दहा हजार माणसं गेली. तो फोटो बघून कुणाची हिंमत होणार घरात झोपायची? सगळं गाव अंगणात आलं. माझ्या शेजारणीची सून नुकती बाळंत झालेली, लेकरू बारा दिवसांचं. तीही दोन रात्री उघड्यावर. तिसऱ्या दिवशी लेकराला कफ झाला, श्वास लागला, दवाखान्यात ठेवावं लागलं. लेकरू वाचलं. पण त्या दोन रात्री मी विसरले नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या गटातली एक मुलगी वही घेऊन आली. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा म्हणून ती पावसाळ्यापासून रोज सकाळी विहिरीची पातळी मोजून लिहीत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं पानं उलटून दाखवलं. त्या महिन्यात एका आठवड्यात शेतीची वीज दिवसा होती. त्या आठवड्यात सकाळची पातळी जागच्या जागी. पुढच्या आठवड्यात वीज रात्रीची आली, आणि सकाळची पातळी खाली. वरच्या अंगाला एक नवीन खोल बोअर झालं होतं. रात्रीची वीज आली की मोटर पहाटेपर्यंत चालायची आणि गावविहिरीचं पाणी ओढून घ्यायची. भूकंप नव्हता, मोटर होती.

सगळ्याजणी हसलो. पण मला राहून राहून वाटत होतं, तो निरोप अगदीच खोटा होता का? विहिरीच्या पाण्याचा आणि भूकंपाचा काहीच संबंध नसतो का? शोधायला लागले तेव्हा कळलं, संबंध असतो. अगदी खरा असतो. निरोपात अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं फार घाबरवतं. म्हणून आज पूर्ण सांगते.

आधी जमिनीत पाणी असतं कसं ते बघू. आपल्याला वाटतं खाली पाण्याचे झरे वाहतात, नदीसारखे. आपल्या नगर जिल्ह्याची जमीन लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाची. थरावर थर रचलेले. काही थर कठीण, काही मऊ मुरमाड. पाणी असतं ते मुरमाच्या छिद्रांत आणि पाषाणाच्या भेगांत. चक्का बांधलेलं फडकं डोळ्यांपुढे आणा. फडकं नुसतं टांगलं तर पाणी थेंब थेंब गळतं. मुठीत दाबलं की भसकन बाहेर येतं. मूठ सैल केली की थांबतं. खडक तसाच आहे. खडक दाबला गेला की भेगांतल्या पाण्याचा दाब वाढतो, पाणी विहिरीकडे सरकतं, पातळी वर येते. खडक ताणला गेला, भेगा किंचित रुंदावल्या की दाब कमी होतो, पाणी खाली बसतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा खडक दाबणार कोण? ऐका, नवल वाटेल. चंद्र आणि सूर्य दाबतात. समुद्राला भरती येते हे आपण जाणतो. पण आपल्या पायाखालच्या घट्ट जमिनीलाही भरती-ओहोटी असते. जमीन दिवसातून दोनदा वीतभर वरखाली होते. आपण, घरं, झाडं सगळी तिच्याबरोबरच होतात, म्हणून कळत नाही. पण खोल, अरुंद, चांगल्या बंदिस्त बोअरमध्ये बारीक यंत्र सोडलं तर पाण्याची पातळी दिवसातून दोनदा थोडी वर, थोडी खाली होताना दिसते. हवेचा दाब वाढला तरी असं पाणी थोडं खाली दबतं. म्हणजे पाणी हे जमिनीच्या अंगावरचा दाब मोजणारं यंत्रच झालं.

मग आपल्या गावविहिरीत हे का दिसत नाही? कारण ती तीस फूट रुंद असते. परातीत तांब्याभर पाणी ओतलं तर पातळी वाढलेली कळत नाही, तेच निमुळत्या बाटलीत ओतलं तर पाणी गळ्यापर्यंत येतं. रुंद विहिरीची पातळी बोटभर चढायला कितीतरी पाणी आत यावं लागतं. अरुंद नळीत थोडक्या पाण्यानं चढते. आणि नळीचं तोंड पक्कं बंद करून आत दाबाचं यंत्र ठेवलं, तर पाणी हलायचीही गरज नाही. कुकरचं झाकण लावल्यावर आतला दाब शिट्टीला लगेच कळतो ना, तसं.

आपल्या महाराष्ट्रातच हे करून बघितलेलं आहे, सातारा जिल्ह्यात, कोयनेला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.३ होती. सुमारे १८० माणसं गेली, हजारो घरं पडली, धक्का पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठायला लागून तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती. तेव्हापासून आजपर्यंत कोयना आणि वारणेच्या परिसरात, साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या टापूत, जमीन थांबलेली नाही. पाचपेक्षा जास्त तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के झाले, बारीक तर हजारो. पावसाळ्यात धरण भरलं की त्यानंतर, आणि पाणी उतरायला लागलं की डिसेंबरच्या सुमाराला, धक्के वाढतात असं तिथं दिसून आलं आहे. वरून पाण्याचं ओझं आणि आत भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याचा दाब, दोन्हींचा हात त्यात आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं १९९५ पासून पुढच्या काही वर्षांत त्या टापूत एकवीस बोअर घेतली. साधारण ३०० ते ८०० फूट खोल. आपण बोअर घेतो ते पाणी उपसायला. यांनी घेतली ती पाणी नुसतं बघायला. त्यांत मोटर नाही, पाइप नाही. यंत्र सोडलेलं, ते दिवसरात्र पातळी लिहून ठेवतं. त्या बोअरांत चंद्र-सूर्याची भरती दिसली. जवळपास भूकंप झाला की काही बोअरांत पातळी काही सेंटिमीटर एकदम वर किंवा खाली गेलेली दिसली. २५ एप्रिल १९९७ ला तिथं ४.४ तीव्रतेचा धक्का झाला, तेव्हाच्या पाण्याच्या नोंदींचा शास्त्रज्ञांनी बारकाईनं अभ्यास केला. आणि २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राला महाभयंकर भूकंप झाला, त्सुनामी आली, आठवतं ना? तो भूकंप कोयनेपासून अडीच हजार किलोमीटरहून लांब. तरी त्याच्या लाटा जमिनीतून इथवर आल्या तेव्हा पश्चिम भारतातल्या बोअरांचं पाणी हललं.

हे झालं झटक्यानं होणाऱ्या भूकंपाचं. आता खरी नवलाची गोष्ट. काही भूकंप झटक्यानं होतच नाहीत. संथ होतात.

आपला नेहमीचा भूकंप म्हणजे ताणलेला दोर तुटावा तसा. वर्षानुवर्षं दोन बाजूचे खडक एकमेकांना अडकून राहतात, ताण साठतो, आणि एका क्षणी सुटतो. काही सेकंदांचा खेळ. तीच जमीन, तेवढीच, पण दहा दिवसांत, महिनाभरात हळूहळू सरकली तर? भांडं वाजणार नाही, दिवा हलणार नाही, कुत्रं भुंकणार नाही. भूकंप मोजायच्या नेहमीच्या यंत्रालाही ती हालचाल कळणार नाही, कारण ते यंत्र हादरा मोजतं, आणि इथं हादराच नाही. याला संथ भूकंप म्हणतात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर बेट आहे. तिथं जमिनीची जागा उपग्रहाच्या मदतीनं मोजणारी ठाणी आहेत. १९९९ साली तिथल्या काही ठाण्यांची जागा काही दिवसांत पाचेक मिलिमीटर उलट्या दिशेला सरकलेली दिसली. ठाणं बिघडलं असेल म्हणावं तर शेजारचंही सरकलेलं, त्याच्या पलीकडचंही. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की खोलवर जमीन संथपणे सरकली होती. मग जुनी नोंद तपासली तर कळलं, हे साधारण चौदा महिन्यांनी पुन्हा पुन्हा होतंय. म्हणजे नोंद आधीपासून होती, फक्त कुणी त्या नजरेनं वाचली नव्हती. आमच्या मुलीच्या वहीसारखंच की!

असे संथ भूकंप मुख्यतः जिथं जमिनीचा एक मोठा पट्टा दुसऱ्याखाली घुसतो, तिथं होतात. जपान त्यातलं मोठं ठिकाण. जपानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ समुद्रात नानकाई नावाची खोल घळ आहे. तिथं १९४४ आणि १९४६ साली दोन मोठे भूकंप झाले. १९४६ च्या भूकंपानंतर तिथल्या सरकारी खात्याची माणसं किनाऱ्यावरच्या गावागावांत फिरली. काही गावांतले लोक म्हणाले, भूकंपाच्या आधीच आमच्या विहिरींचं पाणी खाली गेलं होतं, कुठं विहिरी आटल्या होत्या. खात्यानं ते लिहून घेतलं. पण मैत्रिणींनो, ते सगळं आठवणीतलं सांगणं होतं. पाणी किती खाली गेलं, कोणत्या दिवसापासून, त्या आठवड्यात पाऊस होता का, कुणी उपसा वाढवला होता का, हे आठवणीवरून पक्कं होत नाही. एवढी मोलाची गोष्ट, पण तिच्यावर भार टाकता येईना. त्यामुळे जमीन आधी संथ सरकली आणि म्हणून पाणी उतरलं, की आणखी काही झालं, हा प्रश्न पुढे कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांना पुरला.

मग जपाननं काय केलं? २००६ पासून त्या किनाऱ्यावर खोल निरीक्षण-विहिरी घेतल्या, फक्त पाणी आणि जमिनीचा ताण मोजायला. आणि थेट समुद्राच्या तळालाही भोकं पाडली. चिक्यू नावाचं मोठं जहाज आहे, त्यावरून दोन किलोमीटर खोल पाण्याच्या तळाशी, आणि तळाखाली आणखी काहीशे मीटर. त्या भोकांची तोंडं पक्की बंद केली आणि आत दाबाची यंत्रं ठेवली. कुकरच्या झाकणाचं सांगितलं, ते हेच.

२०११ ते २०१६ अशी नोंद जमली. तिच्यावरचा अभ्यास २०१७ साली छापून आला. समुद्राची भरती, लाटा, वादळ यांमुळेही भोकातला दाब सारखा बदलतो. म्हणून तळावर दुसरं यंत्र ठेवलं होतं, ते फक्त समुद्राचं ओझं मोजायचं. भोकातल्या नोंदीतून समुद्राचा वाटा वजा केला. उरला तो खडकाचा. आणि त्यात दिसलं की ८ ते १५ महिन्यांच्या अंतरानं तिथली जमीन संथ सरकते, दर वेळी एक ते चार सेंटिमीटर, काही दिवस ते काही आठवडे. ज्या जागी सगळा ताण साठत राहतो असं वाटत होतं, तिथला ३० ते ५५ टक्के भाग असा गुपचूप मोकळा होतो. हा खडक पुढे मोठ्या धक्क्यात किती सरकेल याचा अंदाज बांधायला ही गोष्ट फार मोलाची. आणि ती पाण्याच्या दाबानं सांगितली.

तुम्ही विचाराल, म्हणजे आता भूकंप आधी सांगता येतो? नाही. स्पष्ट सांगते, नाही. भूकंप अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, एवढ्या जोराचा येणार, हे आज जगात कुणालाही सांगता येत नाही. याची मोठी किंमत चीननं मोजली. ४ फेब्रुवारी १९७५ ला चीनमध्ये हायचेंगला भूकंप झाला. त्याआधी लहान धक्के वाढत चालले होते, विहिरींचं पाणी बदलल्याच्या खबरा येत होत्या, आणि माणसांना घराबाहेर काढलं गेलं. पुष्कळ जीव वाचले. लोकांना वाटलं, गुपित सापडलं. पण पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ ला, तांगशानला भूकंप झाला, कुणालाही वेळेत सावध करता आलं नाही, आणि सरकारी आकड्यानं दोन लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं गेली. एकदा पाण्यानं सांगितलं म्हणून दर वेळी सांगेल असं नाही. आणि पाणी हललं म्हणून दर वेळी भूकंप येईल असंही नाही.

आता आपल्याकडे या. आपला जिल्हा जपानसारखा पट्ट्यांच्या काठावर नाही, पठाराच्या मधोमध आहे. म्हणून धक्का नाहीच असं मात्र नाही. २०१८ साली संगमनेर तालुक्याच्या पठार भागात, घारगाव-बोट्याकडे, सौम्य धक्के जाणवले होते, तेव्हा तिकडच्या बायांनी रात्री जागून काढल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणूकडे धक्क्यांची रांग लागली, ती कित्येक महिने चालली. तिथं उपग्रहाच्या मोजणीत जमीन काही सेंटिमीटर खचलेलीही दिसली. अशा वेळी गावात दोन गोष्टी होतात. एक तर अफवा. दुसरी, सगळं नशिबावर सोडणं. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे नोंद.

जपानच्या भोकाची गोष्ट पुन्हा आठवा. त्यांनी काय केलं? समुद्राचा वाटा वजा केला, मग खडकाचं बोलणं ऐकू आलं. आमच्या मुलीनं काय केलं? विजेचं वेळापत्रक बाजूला लिहिलं, मग मोटर सापडली. हिशेब एकच. पाण्याची पातळी रोज दहा कारणांनी बदलते. पाऊस, उपसा, शेजारचं बोअर, बंधारा भरणं, नाल्याला पाणी येणं. ही रोजची कारणं लिहिलेली असतील तरच एखाद्या दिवशी खरोखर वेगळं काही घडलं की ते वेगळं आहे हे कळणार. रोजचं माहीत नसलेल्याला सगळंच आक्रीत वाटतं.

मग वही कशी ठेवायची, ते सांगते. जमलं तर लिहून घ्या.

एक, विहीर ठरवा. शक्यतो जिच्यावर मोटर नाही किंवा कमी चालते अशी. जुना आड किंवा बंद पडलेलं बोअर असेल तर उत्तम. बोअरचं तोंड मात्र मोजून झालं की झाकून टाका, लेकरांच्या जिवाला धोका नको. विहिरीला कठडा नसेल तर ती निवडूच नका.

दोन, कठड्यावर रंगाची खूण करा. रोज त्याच खुणेपासून मोजा. कधी इथून, कधी तिथून मोजलं तर नोंद वाया.

तीन, वजन बांधलेला टेप सोडा. टेपच्या खालच्या दोन-तीन फुटांना खडू घासा. टेप पाण्यात थोडा बुडेपर्यंत सोडा, खुणेपाशी आकडा बघा, मग वर ओढा. खडू जिथपर्यंत भिजला तेवढं अंतर वजा करा. उरलं ते खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर. लक्षात ठेवा, आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं.

चार, रोज एकाच वेळेला मोजा, सकाळी, मोटरी सुरू व्हायच्या आधी. रोज जमत नसेल तर आठवड्याचा एक दिवस बांधून घ्या, पण तो चुकवू नका.

पाच, शेजारी चार रकाने आखा. पाऊस किती, वीज दिवसाची की रात्रीची, जवळ कुणी नवीन बोअर किंवा शेततळं केलं का, आणि काही वेगळं दिसलं का. पाणी गढूळ झालं, वास आला, आवाज आला, धक्का जाणवला, तर वेळेसकट लिहा. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळं लिहा.

सहा, महिन्याच्या शेवटी चौकटीच्या कागदावर ठिपके मांडून रेघ ओढा आणि गटाच्या बैठकीत भिंतीला लावा. लिहिता न येणाऱ्या मावशीलाही रेघ वाचता येते.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यातून जिल्ह्याचं मोठं चित्र कळतं. पण आपल्या गावच्या एका रात्रीत काय झालं ते चार वेळच्या मोजणीत दिसणार नाही. ते काम आपलंच. आणि त्याचा पहिला फायदा भूकंपाचा नाहीच, तो पाण्याचा आहे. आपल्या जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. दरवर्षी पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती, मग कोणतं पीक घ्यायचं, हे ग्रामसभेत ताळेबंद मांडून ठरवतात. शेतीसाठी बोअर घेऊ देत नाहीत. मोजलं म्हणून ठरवता आलं. आमच्या गावातही वही दाखवल्यावर वरच्या अंगाच्या दादांशी भांडण झालं नाही. वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी स्वतः आकडे वाचले आणि रात्रीची मोटर दोन तासांनी कमी केली. तोंडी सांगितलं असतं तर शब्दानं शब्द वाढला असता.

आता शेवटचं. असा निरोप पुन्हा फोनवर आला तर काय करायचं? पहिलं, पुढे पाठवायचा नाही. दुसरं, वही उघडायची. पाणी खरंच हललं का, की नुसतं बोलणं आहे? तिसरं, शेजारच्या दोन-तीन विहिरी बघायच्या. एकच विहीर उतरली असेल तर कारण जवळच असतं. पुष्कळ विहिरी एकाच वेळी, पावसा-उपशाचं कारण नसताना हलल्या, पाणी गढूळलं, किंवा धक्के जाणवायला लागले, तर वहीचे आकडे घेऊन तलाठी, तहसील कार्यालय आणि भूजलच्या माणसांना कळवायचं. आकडे असले की आपलं म्हणणं ऐकून घ्यायला ते बसतात.

आणि भूकंपाची भीती खरीच वाटत असेल, तर ती भिंतीकडे वळवा, विहिरीकडे नको. किल्लारीत माणसं मेली ती भूकंपानं नाही, अंगावर पडलेल्या दगड-मातीनं मेली. आपल्या घराची फुगलेली दगडी भिंत, माळवदावर वर्षानुवर्षं टाकत गेलेली माती, डोक्याशी ठेवलेली धान्याची जड कणगी, उशाच्या वरच्या फळीवरची पितळी भांडी, हे आजच बघता येतं. उशाची जागा बदलायला पैसा लागत नाही. माळवदावरची जास्तीची माती उतरवायला दोन दिवस लागतात. बाळंतिणीला थंडीत उघड्यावर ठेवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

ते बारा दिवसांचं लेकरू आता अंगणवाडीत जातं. त्याची आई आमच्या गटात आली आहे, आणि गेल्या पावसाळ्यापासून विहिरीची वही तीच लिहिते. पहिली दोनशे पानं भरली, दुसरी वही चालू आहे. सकाळी ती टेप घेऊन निघाली की लेकरू मागं लागतं, खडू मला दे म्हणतं.

तुमच्या गावातही अशी एक वही असू द्या. सुरू केलीत तर पुढच्या बैठकीत तुमची रेघ भिंतीला लावा, आणि आम्हालाही कळवा.